राइट फील्डच्या बाजूची तिकिटं

गेल्या आठवड्यात मुंबईहून परतलेल्या एका स्नेह्यांच्या बॅगेतून माझ्यासाठी तीन वस्तू आल्या. मेतकूट, वहिनीच्या हातच्या कुरडया आणि जुन्या पंचात गुंडाळलेला एक चामडी ग्लोव्ज. मेतकूट-कुरडया बायकोने ताब्यात घेतल्या. ग्लोव्ज मात्र बहारीनमधल्या झल्लाकच्या आमच्या घरात दिवसभर या टेबलावरून त्या टेबलावर फिरत होता. पस्तीस वर्षं जळगावच्या माळ्यावर पडून त्याची पार सुकट झालेली. मी खोबरेल घेऊन बसलो तेव्हा लेक म्हणाली, “बाबा, हा तेल पिणार आणि तुम्ही मार खाणार.” आईचं खोबरेल यापेक्षा वाईट कामांसाठी वापरलेलं आहे, असं म्हणून मी चोळत राहिलो.

हा ग्लोव्ज सॉफ्टबॉलचा. पुण्या-मुंबईच्या वाचकांना सांगायला हवं की आमच्याकडे शाळेत सॉफ्टबॉल हा अगदी ओळखीचा खेळ होता. क्रिकेटच्या संघात जागा नाही म्हटल्यावर पोरं तिकडे वळायची, आणि पुढे दहावीच्या क्रीडागुणांची आशा लागली की पालकही वळायचे. सरांनी मला राइट फील्डला उभं केलं होतं. बहुतेक फटके उजव्या हाताने मारणाऱ्यांचे, आणि ते जातात डावीकडे. म्हणजे राइट फील्ड ही ज्याच्याकडे चेंडू जाऊ नये अशी सरांची इच्छा असते, त्याची जागा. दोन वर्षं मी तिथे उभा राहून चेंडूची वाट पाहिली. कंटाळा आला असं मात्र आठवत नाही.

तर हा ग्लोव्ज आता दुबईला निघाला आहे. येत्या शुक्रवारी, 14 नोव्हेंबर 2025 ला, तिथे ‘बेसबॉल युनायटेड’ची पहिली पूर्ण स्पर्धा सुरू होते आहे. संघ चारच, सगळे सामने दुबईतच, बॅरी लार्किन फील्ड नावाच्या नव्या मैदानावर. हा लार्किन म्हणजे सिनसिनाटी रेड्सचा शॉर्टस्टॉप, 1995 चा नॅशनल लीगचा सर्वोत्तम खेळाडू, आणि या लीगमध्ये ज्यांनी पैसे घातले त्यांच्यापैकी एक. पण आमच्या घराला गाडीत बसवलं ते लार्किनने नाही. पहिल्या सामन्यातल्या एका संघाचं नाव आहे मुंबई कोब्राज. समोर कराची मोनार्क्स.

“मुंबईचा संघ, मग मुंबईत का नाही खेळत?” बायकोने विचारलं.

प्रश्न रास्त आहे. मुंबईत बेसबॉलचं स्टेडियम नाही, हे खरं उत्तर. पण मी म्हटलं, “आपण तरी कुठे मुंबईत खेळतो?” ती हसली नाही. व्हिसाच्या प्रती काढायला गेली.

या सदरात मी अनेकदा आखातातल्या मैदानांबद्दल कुरकुर केली आहे. पैसा ओतून उभी केलेली, गावाशी नातं नसलेली मैदानं, वगैरे. ती कुरकुर मी मागे घेत नाही. शहराचं नाव छातीवर लावून त्या शहरात कधी न उतरणारा संघ ही तशी गमतीचीच गोष्ट आहे. पण गंमत करणाऱ्याने आधी स्वतःचा पासपोर्ट पाहावा. कागदोपत्री मी जळगावचा, जवळपास तीन दशकं राहतो बहारीनमध्ये, आणि ‘तुम्ही कुठले?’ असं अरब माणसाने विचारलं की वेळ वाचवायला ‘मुंबई’ म्हणून मोकळा होतो. कोब्राजची आणि माझी मुंबई साधारण सारखीच. आखातात नोकरी करणाऱ्याचं घरचं मैदान नेहमीच तिसऱ्याच्या अंगणात असतं. शारजाचं काय होतं मग?

शारजाचा विषय निघाला की माझा घसा अजून कोरडा पडतो. एप्रिल 1998. मी इथे नवा, पगार बेताचा, गाडी नाही. ऑफिसातल्या चौघांनी रस्त्याने शारजाला जायचं ठरवलं, पाचवी जागा माझी. नव्याला रजा मिळाली नाही, आणि मी राहिलो. 22 तारखेला सचिनने वाळूच्या वादळाने थांबवलेल्या डावात 143 काढल्या, 24 तारखेला स्वतःच्या पंचविसाव्या वाढदिवशी अंतिम सामन्यात 134. दोन्ही सामने मी मनामातल्या एका खोलीत, अकरा जणांच्या घोळक्यात, दाराच्या चौकटीला टेकून पाहिले. ते चौघे परतले ते आवाज बसलेले. एकाने खिशातून शारजाच्या वाळूची पुडी काढून माझ्या टेबलावर ठेवली. चेष्टा होती, पण मी ती बरीच वर्षं जपली.

तेव्हापासून ‘रस्त्याने सामन्याला जाणं’ हे माझं राहिलेलं काम आहे. विमानाने दुबईला मी कित्येकदा गेलो. सव्वा तासात पोचतं, आणि पोचल्यावर कुठून आलो तेच कळत नाही. गाडीने आठशेहून जास्त किलोमीटर पडतात, दोन सीमा लागतात, तीन देशांच्या मोहरा.

गुरुवारी दुपारी ऑफिस सुटलं की निघायचं. आमची सुट्टी शुक्रवार-शनिवार. गुरुवारी संध्याकाळी सौदीतली मंडळी गाड्या भरभरून बहारीनकडे येतात, शनिवारी रात्री परत जातात. आम्ही जाताना उलटे आणि येतानाही उलटे. किंग फहद पुलावर समोरच्या बाजूला दिव्यांची रीघ आणि आपल्या बाजूला मोकळा रस्ता, यासारखं सुख आखातात कमी असतं. पूल पंचवीस किलोमीटरचा, नोव्हेंबर 1986 मध्ये खुला झालेला. मधोमध भराव घालून केलेलं बेट आहे, तिथेच पासपोर्ट, कस्टम, गाडीचा विमा. मागे एकदा विम्याच्या खिडकीतल्या माणसाचं जेवण संपेपर्यंत तासभर उभा होतो. यंदा दशम्या आणि लसणाची चटणी मागच्या सीटवर नाही, हाताशी ठेवायला सांगितली आहे.

पूल उतरला की खोबर, आणि शेजारी धहरान. आपल्याकडे फार कुणाला ठाऊक नसतं, पण बेसबॉलचं आखातातलं जुनं घर हेच, दुबई नव्हे. 1932 च्या जूनमध्ये बहारीनच्या जबल दुखानपाशी तेल लागलं. ही टेकडी झल्लाकपासून गाडीने काही मिनिटांवर. त्या टेकडीवरून अमेरिकन भूगर्भतज्ज्ञांना पलीकडच्या किनाऱ्यावर तशाच टेकड्या दिसल्या, आणि ते समुद्र ओलांडून गेले. 1938 मध्ये दम्मामच्या सात क्रमांकाच्या विहिरीने त्यांचा हट्ट खरा केला. मग धहरानमध्ये अमेरिकनांची वसाहत वसली, आणि जिथे अमेरिकन कुटुंब तिथे पोरांचा बेसबॉल. त्या कुंपणामागची बारा-तेरा वर्षांची मुलं कित्येक उन्हाळ्यांत पेनसिल्व्हेनियाच्या विल्यम्सपोर्टला लिटल लीगच्या जागतिक स्पर्धेत ‘सौदी अरेबिया’ अशी पाटी घेऊन उतरली आहेत. 2006 च्या संघात एक तेरा वर्षांचा मुलगा साडेसहा फुटांहून उंच होता. चेंडू झेलायला त्याला उडी मारावी लागत नसे.

तेल एकाच कंपनीच्या माणसांनी शोधलं, तरी अलीकडे क्रिकेट आणि पलीकडे बेसबॉल. अलीकडे इंग्रजांची छाया होती, हिंदुस्थानी कारकून होते, 1965 पर्यंत व्यवहारात रुपया होता. पलीकडे डॉलरवाले. खेळ रुजतो तो हिशेब ठेवणाऱ्यांच्या मागोमाग, असं माझं एक लाडकं मत आहे. खोबर ओलांडताना ते मी गाडीतल्या सर्वांना पुन्हा एकदा ऐकवणार आहे.

त्यापुढे होफूफची खजुरीची बनं, मग सल्वा, जिथून डावीकडे कतार. मग बथापर्यंत नुसतं खारट रान आणि सौदीचा ‘साहेर’ कॅमेरा. सीमेपलीकडे घुवैफातलं घड्याळ एक तास पुढे. तो तास आपण कुठे हरवला ते लेकीला दर वेळी नव्याने समजावून सांगावं लागतं. तिथून ई-11 महामार्ग धरला की सरळ दुबई. पहाटे कुठल्याशा पंपावर कागदी कपातला कडक चहा घ्यायचा, ज्याला इथे सगळे ‘करक’ म्हणतात. हा रस्ता रुक्ष आहे, असं लोक म्हणतात. घाटातून जाणाऱ्या एसटीच्या खिडकीशी बसून वाढलेल्या माणसाला तो तसा वाटणारच. मला त्यात राइट फील्ड दिसतं.

गाडी सलमाबादच्या गॅरेजला दाखवून आणली. तिथला मेकॅनिक कराचीचा. कुठे निघालात, म्हणाला. मी सांगितलं. सप्टेंबरमध्ये दुबईतच आशिया चषकाच्या तीन भारत-पाकिस्तान सामन्यांत हस्तांदोलन झालं नव्हतं आणि शेवटी भारताने चषकही स्वीकारला नव्हता, ते आम्हा दोघांच्याही डोळ्यांसमोर होतं. तो टायरची हवा मोजत राहिला. मग म्हणाला, “भाईजान, बेसबॉल में तो दोनों अनाड़ी हैं, झगड़ा काहे का?” आणि कराचीची टोपी मिळाली तर आणा, पैसे देतो, असंही. मला 1936 आठवलं. तोवर सिंध मुंबई इलाख्यातच होता, आणि कराचीतली एक नावाजलेली जुनी शाळा आजही नारायण जगन्नाथ वैद्य या मराठी माणसाच्या नावाने ओळखली जाते. पण गॅरेजात इतिहास सांगायला बसलं की बिल वाढतं. टोपी आणतो म्हणालो.

खेळाबद्दल दोन शब्द, नाहीतर संपादक विचारतील. पिचर आणि बॅटरमध्ये साडेसाठ फूट अंतर असतं, आपल्या बावीस यार्डांच्या खेळपट्टीपेक्षा साडेपाच फूट कमी. चेंडू टप्पा न घेता येतो, त्यामुळे फुलटॉसवर आऊट होणं ही इथे शरमेची बाब नाही. या लीगवाल्यांनी मात्र मूळ खेळाला फोडणी दिली आहे. ‘मनीबॉल’ जाहीर केला आणि होमरन बसला तर धावा दुप्पट. ‘फायरबॉल’वर बॅटर स्ट्राइकआऊट झाला तर डावच संपला, मग किती गडी बाद झाले होते ते विचारायचं नाही. इम्पॅक्ट प्लेअरने आमचं क्रिकेट जसं पातळ केलं तसंच हे. ज्या खेळाची इथे कुणाला मूळ चवच ठाऊक नाही, त्यात आधीच मसाला कशाला? तिघे बाद असताना पिचर आणि बॅटर एकमेकांकडे बघत थांबतात... नाही, चुकलो, तिघे बाद म्हणजे डाव संपला. दोघे बाद असताना. पस्तीस वर्षं झाली.

पण एक नियम मला क्रिकेटपेक्षा उजवा वाटतो. चेंडू प्रेक्षकांत आला की ज्याने पकडला त्याचा. परत द्यायचा नाही. अमेरिकेत म्हणूनच म्हातारेकोतारेही ग्लोव्ज घालून प्रेक्षागृहात बसतात. आपल्याकडे षटकार झेलणाऱ्याला टीव्हीवर चार सेकंद मिळतात आणि चेंडू रक्षकाच्या हवाली.

माझा ग्लोव्ज सॉफ्टबॉलचा, म्हणजे बारा इंच परिघाच्या चेंडूचा. बेसबॉल नऊ इंचांचा. तो माझ्या पंज्यात वाटीतल्या बोरासारखा गडगडेल, असं लेकीचं म्हणणं. असेलही. मुंबईच्या खेळाडूंची यादी हाती आली की मी आधी आडनावं वाचणार आहे. एखादा पाटील, एखादा चौधरी निघाला तर बरं, नाही निघाला तरी ओरडायचं कोब्राजसाठीच.

तिकिटं काढताना बायकोने विचारलं, “अहो, कुठल्या बाजूची घेऊ?” मी सांगितलं, राइट फील्डच्या जवळात जवळ जी मिळेल ती. “तिथे चेंडू येतो का?” म्हणाली.

ग्लोव्जला आज तेलाचा तिसरा हात दिला. मधलं बोट थोडं वाकायला लागलं आहे.

– झल्लाककर