पेट्रोलची गाडी की बॅटरीची? पिंप्राळ्यातल्या घरात बसून केलेला हिशोब

जुम्याच्या नमाजनंतर मस्जिदीबाहेर चपला घालताना हल्ली एक विषय हमखास निघतो. कुणीतरी नवीन इलेक्ट्रिक स्कूटर घेतलेली असते. तो सांगतो, "भाऊ, महिन्याचं पेट्रोल बंद झालं." दुसरा लगेच म्हणतो, "पण लाइट बिल किती वाढलं ते सांग ना." तिसरा बॅटरी किती वर्षं चालणार, ते विचारतो. चर्चा रंगते, पण कागद-पेन घेऊन हिशोब कुणी करत नाही. म्हणून तो आम्ही इथे करतो आहोत.

एक गोष्ट आधीच सांगतो. बॅटरीची गाडी चालवायला स्वस्त पडते, यात वाद नाही. प्रश्न आहे तो किती स्वस्त, कुणाला, आणि गाडीची जादा किंमत किती दिवसांत वसूल होते, हा. त्याचं उत्तर पिंप्राळा हुडकोत वेगळं आणि मुंबईच्या टॉवरमध्ये वेगळं येतं.

दर काय धरायचे?

पेट्रोल हिशोबासाठी १०५ रुपये लिटर धरू. रुपया-दोन रुपये इकडे तिकडे झाले तरी निष्कर्ष बदलत नाही.

विजेचं मात्र तसं नाही. पेट्रोल पहिलं लिटर घ्या की पन्नासावं, भाव एकच. महावितरणचं घरगुती बिल टप्प्याटप्प्याने महाग होत जातं. पहिली १०० युनिटं, मग १०१ ते ३००, मग ३०१ ते ५०० आणि त्यापुढे, असे टप्पे आहेत. वहन आकार आणि १६ टक्के वीज शुल्क धरलं तर पहिल्या टप्प्यात युनिट साधारण ७ रुपयांना, दुसऱ्यात १३ रुपयांना आणि तिसऱ्यात १७ रुपयांच्या आसपास पडतं. आपलं ताजं बिल काढून पाहा, थोडाफार फरक दिसेल.

इथेच बहुतेक जण चुकतात. शोरूमवाला सांगतो, "युनिट सात रुपये धरा." पण घरातले पंखे, फ्रिज, कूलर, पाण्याची मोटार यांनी पहिली १०० युनिटं आधीच खाल्लेली असतात. गाडीचं चार्जिंग त्या सगळ्याच्या वर चढतं. म्हणजे गाडीला जी वीज लागते ती ७ रुपयांची नसते, १३ ची असते. एकाच मीटरवर दोन-तीन भाऊ राहत असतील, तर थेट १७ ची.

खाली सगळीकडे आम्ही महिन्याला १८० युनिटं वापरणारं घर धरलं आहे.

स्कूटर : रोज किती फिरता?

पेट्रोल स्कूटरचं अॅव्हरेज ४५ धरलं तर किलोमीटरला साधारण २ रुपये ३३ पैसे पडतात. इलेक्ट्रिक स्कूटरला १०० किलोमीटरसाठी मीटरवर साडेतीन युनिटं लागतात असं धरू. चार्जिंगमध्ये थोडी वीज वाया जाते, ती यात आली. १३ रुपयांनी हे झाले किलोमीटरला ४५ पैसे.

आता दोन माणसं डोळ्यासमोर आणा. एक जण पिंप्राळ्याहून रोज एमआयडीसीत कामाला जातो, मध्ये बाजाराची एक फेरी होते. दिवसाला २० किलोमीटर, महिन्याला ६००. त्याला पेट्रोलला १४०० रुपये लागतात, विजेला २७५ च्या आसपास. महिन्याला सव्वाअकराशे वाचतात, वर्षाला साडेतेरा हजार. इलेक्ट्रिक गाडी २५ हजारांनी महाग पडली असेल तर दोन वर्षांच्या आत पैसे वसूल.

दुसरा माणूस गल्लीच्या तोंडाशी दुकान चालवतो. रोज ५ किलोमीटर फिरला तर खूप. त्याला पेट्रोलला महिन्याला ३५० रुपये लागतात, विजेला ७०. वाचले २८० रुपये. तेच २५ हजार वसूल व्हायला त्याला सात वर्षांहून जास्त लागतील, आणि तोपर्यंत बॅटरीचं वय झालेलं असेल. याने जुनी पेट्रोल गाडी नीट सर्व्हिसिंग करून वापरावी, हेच शहाणपणाचं.

म्हणजे शेजाऱ्याने घेतली म्हणून घेऊ नका. आपल्या गाडीचं मीटर आज लिहून ठेवा, महिन्याने पुन्हा बघा. मग ठरवा.

रिक्षा : खरी बचत इथे आहे

दिवसाला ८० किलोमीटर, महिन्याला २५ दिवस, म्हणजे २००० किलोमीटर. पेट्रोल रिक्षाचं अॅव्हरेज २८ धरलं तर महिन्याला साडेसात हजारांचं पेट्रोल. इलेक्ट्रिक रिक्षाला १०० किलोमीटरला ९ युनिटं धरली तर १८० युनिटं होतात. यातली १२० युनिटं १३ रुपयांनी आणि ६० युनिटं १७ रुपयांनी, एकूण २६०० च्या आत. महिन्याला जवळपास पाच हजारांचा फरक. रिक्षाचालकाच्या घरात पाच हजार म्हणजे मुलांची फी आणि किराणा. सीएनजी रिक्षा असेल तर हा फरक बराच कमी होतो, हेही लक्षात ठेवा.

बॅटरीवरच्या वाहनांना २०१८ पासून केंद्राने परमिटमधून सूट दिली आहे. पण नोंदणी, लायसन्स, विमा आणि फिटनेस चुकत नाही.

इथे दोन इशारे. पहिला, स्वस्त ई-रिक्षात लेड-अॅसिड बॅटरी असते, ती वर्ष-दीड वर्षात बदलावी लागते. तो खर्च धरला नाही तर हिशोब खोटा ठरतो. लिथियम बॅटरीची गाडी महाग असते, पण टिकते. दुसरा, रिक्षा धंद्याची आहे. घरगुती मीटरवर चार्जिंग सुरू करण्याआधी महावितरणच्या कार्यालयात विचारून घ्या. ईव्ही चार्जिंगसाठी वेगळी वर्गवारी आहे, तिचा दर टप्प्याप्रमाणे चढत नाही. जास्त युनिटं लागणाऱ्याला ती परवडू शकते.

कार : घाई नको

छोट्या पेट्रोल कारचं अॅव्हरेज साडेसतरा धरलं तर किलोमीटरला ६ रुपये. छोटी इलेक्ट्रिक कार मीटरवरच्या एका युनिटमागे साधारण साडेसहा किलोमीटर जाते. १३ रुपयांच्या विजेवर किलोमीटरला २ रुपये पडतात. ऐकायला तिप्पट फरक वाटतो.

पण आपल्याकडे कार रोज कोण काढतं? लग्नकार्य, दवाखाना, भुसावळला पाहुण्यांकडे. महिन्याला ६०० किलोमीटर धरू. पेट्रोल ३६०० रुपये, वीज ९२ युनिटं म्हणजे १२०० रुपये. वर्षाला साधारण २९ हजार वाचले. छोट्या पेट्रोल आणि इलेक्ट्रिक कारच्या किमतीत अडीच-तीन लाखांचा फरक आहे. तो वसूल व्हायला नऊ-दहा वर्षं लागतील.

महिन्याला १५०० किलोमीटर चालणाऱ्याचं चित्र वेगळं. पेट्रोल ९ हजार. वीज २३० युनिटं, त्यातली १२० दुसऱ्या टप्प्यात आणि ११० तिसऱ्यात, म्हणजे साडेतीन हजारांच्या आत. वर्षाला ६६ हजार वाचतात आणि चार-साडेचार वर्षांत फरक भरून निघतो. बऱ्याच कंपन्या कारच्या बॅटरीला ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची वॉरंटी देतात, त्यामुळे हा सौदा बसतो.

आणखी एक बाब. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या पेट्रोल कारवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आला आणि वरचा उपकरही गेला. ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकीही १८ टक्क्यांत आल्या. इलेक्ट्रिकवर आधीपासून ५ टक्केच आहे. म्हणजे पेट्रोल गाड्या स्वस्त झाल्या आणि किमतीतलं अंतर वाढलं. दुसरीकडे सबसिडी आटत गेली. फेम-२ योजना मार्च २०२४ मध्ये संपली. १ ऑक्टोबर २०२४ पासूनच्या पीएम ई-ड्राइव्हमध्ये दुचाकीला पहिल्या वर्षी किलोवॉट-तासामागे ५ हजार होते, दुसऱ्या वर्षी अडीच हजार. दोन वर्षांपूर्वीचा व्हिडिओ पाहून केलेला हिशोब आज लागू पडत नाही.

लांबच्या प्रवासाचंही पाहा. पिंप्राळ्याहून धुळे ९० किलोमीटरच्या वर, पुढे मालेगाव ५०. लग्नाला जाऊन रात्री परत यायचं तर पावणेतीनशे-तीनशे किलोमीटर होतात. एसी लावून, घरचे पाच जण बसवून छोटी इलेक्ट्रिक कार एका चार्जिंगमध्ये हे अंतर काढणार नाही. वाटेत फास्ट चार्जर लागणार. तिथे युनिटवर १८ टक्के जीएसटी धरून २० ते २५ रुपये गेले, तर किलोमीटरला साडेतीन रुपयांच्या पुढे खर्च जातो. पेट्रोलपेक्षा कमीच, पण "फुकटात फिरतो" ही बात राहत नाही.

इथेनॉलचा मुद्दा

आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच म्हटलं होतं की, जुन्या धाटणीच्या इंजिनाच्या कारचं अॅव्हरेज यामुळे ६ ते ७ टक्के आणि दुचाकीचं ३ ते ४ टक्के घटू शकतं. आपली गाडी जुनी असेल तर पेट्रोलचा खर्च आम्ही लिहिलाय त्याहून थोडा वरच धरा.

खान्देशचं ऊन आणि घरातला जिना

मे महिन्यात जळगावचा पारा ४४-४५ वर जातो. बॅटरीला अतिउष्णता मानवत नाही. उन्हातून आल्या आल्या चार्जिंगला लावू नका, तासभर थंड होऊ द्या. पत्र्याच्या शेडमध्ये दुपारी चार्जिंग टाळा.

आणि हे पैशापेक्षा महत्त्वाचं आहे. आपल्या दाटीच्या वस्तीत गाडी जिन्याखाली लावतात आणि तिथेच चार्ज करतात. वर माणसं झोपलेली असतात आणि खाली उतरायला तोच एक जिना. बॅटरीने पेट घेतला तर धूर थेट वर जातो. रात्रभर जिन्यात चार्जिंग करू नका. साधी एक्स्टेंशन वायर गल्लीतून ओढू नका. १६ अँपिअरचा सॉकेट, नीट अर्थिंग आणि एमसीबी बसवून घ्या. सेकंड-हँड गाडी घेत असाल तर कोणत्या सालची ते बघा. बॅटरी सुरक्षेचे कडक नियम डिसेंबर २०२२ आणि मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत लागू झाले. त्याआधीची गाडी स्वस्त मिळाली तरी दहादा विचार करा.

व्याज, भिशी आणि भाड्याची खोली

इलेक्ट्रिकची बचत नंतर येते, पैसे आधी द्यावे लागतात. आपल्यातली बरीच घरं व्याजाच्या कर्जापासून लांब राहतात. त्यांच्यासाठी हे २५ हजार किंवा तीन लाख भिशीतून, बचतीतून किंवा नातेवाइकांच्या हातउसन्या मदतीतूनच येणार. हप्त्यावर घेणाऱ्यानेही महिन्याच्या बचतीतून व्याज वजा करून पाहावं. कधी कधी वाचलेलं पेट्रोल सगळं व्याजातच जातं.

आम्हाला सर्वात जास्त खुपतं ते वेगळंच. ज्याला इलेक्ट्रिकचा फायदा सर्वात जास्त, तो रोज ८० किलोमीटर फिरणारा रिक्षावाला, पार्सल पोचवणारा पोरगा, फेरीवाला, हा बहुतेक वेळा भाड्याच्या खोलीत राहतो. त्याच्या नावावर मीटर नाही. गाडी लावायला जागा नाही. घरमालक सब-मीटरवर ठरवेल तो दर. छतावर सोलर बसवायला पीएम सूर्यघर योजनेत १ किलोवॉटला ३० हजार आणि ३ किलोवॉटला ७८ हजारांची सबसिडी आहे. १ किलोवॉटमधून महिन्याला शंभराच्या वर युनिटं मिळतात, म्हणजे वरच्या हिशोबातली ६०० किलोमीटर चालणारी कार त्यात भागते. पण छतच आपलं नसेल तर? महाराष्ट्राच्या २०२५ च्या ईव्ही धोरणात समृद्धी महामार्गावर इलेक्ट्रिक कारला टोलमाफी आहे. चांगलंच आहे, पण पिंप्राळ्यातला रिक्षावाला समृद्धीवर जात नाही. त्याला घराजवळ एक सुरक्षित, परवडणारा प्लग हवा आहे.

यावर एक रस्ता आहे. मोहल्ल्यातल्या संस्था, ट्रस्ट, रिक्षा स्टँडचे चालक यांनी मिळून ईव्ही वर्गवारीतलं एक कनेक्शन मागावं. मोकळ्या जागेत, शेड घालून, पाच-दहा गाड्यांचं चार्जिंग करता येईल. युनिटप्रमाणे पैसे घ्यावेत, हिशोब भिंतीवर लावावा. जागेसाठी महापालिकेकडे अर्ज करावा, नगरसेवकाला विचारावं. वस्तीत पाण्याची टाकी, वाचनालय आपण मिळून उभं केलं असेल, तर हेही होऊ शकतं.

तोपर्यंत प्रत्येकाने आपल्या घरी एवढं करावं : महिन्याचे किलोमीटर, लाइट बिलावरचा टप्पा आणि दोन गाड्यांच्या किमतीतला फरक, हे तीन आकडे एका कागदावर लिहावेत. पाच वर्षांच्या आत फरक वसूल होत असेल आणि चार्जिंगला सुरक्षित जागा असेल, तर बिस्मिल्लाह करा. नसेल तर आहे ती गाडी चालू द्या. त्यात कमीपणा काहीच नाही.