सुक्याबरोबर ओलंही!

आयटीत नोकरी करणाऱ्या माणसाला घरचे लोक नेमकं काय समजतात, हा पीएचडीचा विषय आहे. मी हिंजवडीत एका कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टिंग करतो. पण आईच्या मते मी मोबाइल दुरुस्त करतो, मावशीच्या मते मी रेल्वेची तत्काळ तिकिटं काढतो आणि दादाच्या मते मी म्हणजे त्याच्या कारखान्याचा फुकटातला कॉम्प्युटर विभाग!

दादाचा भोसरीत स्प्रिंगांचा छोटा कारखाना आहे. पंपांना, व्हॉल्व्हना लागणाऱ्या स्प्रिंगा. चौदा माणसं, नऊ मेलबॉक्स. कंपनीच्या नावाचं डोमेन आणि मेलसाठी भाड्याने घेतलेला एक छोटा सर्व्हर. तो अर्थात मीच उभा करून दिलेला, उत्साहाच्या भरात. ‘दर मेलबॉक्समागे महिन्याला पैसे कशाला भरायचे?’ असं मी छाती फुगवून म्हणालो होतो. दादाने खूश होऊन बिर्याणी खिलवली. त्या बिर्याणीचे हप्ते मी अजून फेडतोय.

कारखान्याचं ऑफिस वहिनी सांभाळते. एका रविवारी जेवताना तिने तोंड उघडलं, “भाऊजी, रोज सकाळी ऑफिस उघडलं की मी आधी अर्धा तास झाडू मारते. फरशीवर नाही, इनबॉक्समध्ये!” बघितलं तर खरंच. स्वस्त औषधं, न काढलेल्या तिकिटाला लागलेली लॉटरी, कुठल्याशा परदेशी शेठची बेवारस इस्टेट, ‘तुमची वेबसाइट पहिल्या पानावर आणतो’ आणि सगळ्यात डेंजर म्हणजे ‘तुमचा मेलबॉक्स भरलाय, इथे पासवर्ड टाका’. या ढिगाऱ्यात मधेच एखादी खरीखुरी ऑर्डर.

“तू आयटीत आहेस ना? मग बंद कर की हे!” दादा म्हणाला. जणू पंख्याचं बटण.

मंडळी, हे बटण अजून कुणालाच सापडलेलं नाही. ३ मे १९७८ रोजी गॅरी थुर्क नावाच्या गृहस्थांनी आपल्या कंपनीच्या कॉम्प्युटरची जाहिरात अर्पानेटवरच्या जवळपास चारशे लोकांना एका झटक्यात पाठवली. स्पॅमचं बारसं तेव्हाच झालं असं मानतात. १९८२ मध्ये ईमेल पोचवायचे जे नियम लिहिले गेले, ते एकमेकांवर विश्वास असलेल्या मोजक्या मंडळींसाठी होते. पाकिटावर ‘प्रेषक’ म्हणून कुणाचंही नाव टाका, कुणी विचारणार नाही. आणि २००४ च्या जानेवारीत तर खुद्द बिल गेट्स दावोसला सांगून बसले की दोन वर्षांत स्पॅमचा प्रश्न सुटेल. आता बोला!

पण मला तेव्हा हे आठवलं नाही. शनिवारी कॉफीचा मग घेऊन बसलो. सर्व्हरवर स्पॅमअसॅसिन होताच. हा बाबा परीक्षकासारखा प्रत्येक मेलला गुण देतो. विषय सगळा मोठ्या अक्षरांत? थोडे गुण. मजकूर नाही, नुसतंच चित्र? अजून थोडे. पाच गुण झाले की शिक्का: स्पॅम. पाच हा त्याने स्वतःहून ठरवलेला आकडा. मी म्हटलं, पाच कशाला? अडीच करू! आणि शिक्का मारून ठेवायचं तरी कशाला? सरळ फेकून देऊ. दोन ओळी बदलल्या, सर्व्हर पुन्हा चालू केला आणि पिक्चरला गेलो.

तीन आठवडे स्वर्ग! वहिनीचा इनबॉक्स आरशासारखा लख्ख. “भाऊजी, तुम्ही जादूगार आहात,” असं ती चार लोकांसमोर म्हणाली. मी फुल टू हवेत.

चौथ्या आठवड्यात दादाला कोल्हापूरहून फोन आला. बारा वर्षांचं जुनं गिऱ्हाईक. मी तिथेच बसलो होतो, फोन स्पीकरवर होता. “काय ओ मालक, ऑर्डरचा मेल टाकून दहा दिस झालं. हो न्हाई, न्हाई न्हाई. आम्हाला वाटलं, तुम्हाला आता बारकी गिऱ्हाइकं नको झाल्यात. दिली बघा दुसऱ्याला.”

दादाने माझ्याकडे पाहिलं. मी लॅपटॉपकडे.

लॉगमध्ये ती ओळ सापडली. मेल आला होता, वेळेवर आला होता. त्याला मिळाले होते ३.१ गुण. स्पॅमअसॅसिनच्या मूळ हिशेबाने बिनधास्त पास! माझ्या हिशेबाने नापास. कारण काय, तर विषय सगळा कॅपिटलमध्ये, ‘अर्जंट’ लाल रंगात, आत मजकूर नाही, फक्त ड्रॉइंगचा स्कॅन आणि ज्या सर्व्हरवरून आला त्याच्या आयपी पत्त्याला नावच लावलेलं नाही. म्हणजे गिऱ्हाइकाने काय केलं होतं? घाईत होतं, एवढंच.

मेल परत मिळायचा प्रश्नच नव्हता. ‘फेकून दे’ हे मीच सांगितलं होतं. पण मला खरं लागलं ते पुढचंच. आमच्या सर्व्हरने त्यांच्या सर्व्हरला ‘२५०’ असं उत्तर दिलं होतं. मेलच्या भाषेत याचा अर्थ, ‘मिळालं, आता जबाबदारी माझी’. म्हणजे आम्ही हसतमुखाने पत्र हातात घेतलं, पोच दिली आणि मागे वळून टराटरा फाडलं. त्या माणसाला दहा दिवस वाटत राहिलं की भोसरीवाल्यांना माज आलाय.

दादा ओरडला नाही. फक्त एवढंच विचारलं, “अजून किती गेले असतील?”

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. जे फेकलं त्यात आणखी काय होतं, हे आता कोण सांगणार? सुक्याबरोबर ओलंही जळतं म्हणतात. इथे तर राखही उरली नव्हती.

त्या रात्री एक गोष्ट डोक्यात पक्की बसली. छोट्या धंद्यात स्पॅम शून्यावर आणणं हे ध्येयच नव्हे. शंभर फालतू मेल आत आले तर वहिनीची पंधरा मिनिटं जातात. एक खरा मेल गुपचूप मेला तर बारा वर्षांचं नातं जातं. म्हणून नियम एकच: हो म्हणायचं तर सांभाळायचं, नाही म्हणायचं तर दारातच, तोंडावर म्हणायचं. घेऊन गिळायचं नाही.

मग दोन वीकेंड खर्चून सगळं नव्याने मांडलं. तुमच्या ऑफिसातही असा एखादा सर्व्हर असेल तर हा क्रम टिपून ठेवा.

पहिलं, दारं मोजा. आमच्याकडे ‘कॅच-ऑल’ चालू होतं. म्हणजे डोमेनच्या आधी काहीही लिहा, मेल वहिनीकडे. स्पॅमवाले अंदाजाने शेकडो नावं ठोकून बघतात. कॅच-ऑल बंद करून फक्त खरे नऊ पत्ते ठेवले आणि निम्म्याहून जास्त कचरा तिथेच थांबला. गुण नाहीत, परीक्षा नाही. ‘या नावाचं इथे कुणी राहत नाही’, बस्स.

दुसरं, वॉचमन बसवा. सोसायटीचा वॉचमन जसा गेटवरच विचारतो, तसं सर्व्हरने मेल ताब्यात घेण्याआधीच विचारायचं. कुख्यात पत्त्यांच्या याद्या असतात. १९९८ पासून चालू असलेलं स्पॅमहाउस त्यातलं मोठं नाव. वापराच्या अटी आधी वाचा आणि यादीला विचारताना स्वतःचा डीएनएस वापरा. ८.८.८.८ सारख्या सार्वजनिक डीएनएसमार्फत विचारलं तर उत्तराऐवजी एक एरर कोड येतो. आपला सर्व्हर बावळट असेल तर तो त्या कोडलाच ‘यादीत आहे’ समजतो आणि सगळ्या जगाला हाकलतो!

आणि नाकारायचं ते ‘५५०’ देऊन, दारातच. म्हणजे पाठवणाऱ्याला त्याचाच सर्व्हर लगेच कळवतो की मेल गेला नाही. आम्ही त्या संदेशात कारखान्याचा फोन नंबर घातला: ‘चुकून अडवलं असेल तर फोन करा.’ आधी आत घेऊन नंतर परत पाठवू नका हं. स्पॅमवर प्रेषकाचं नाव बहुधा खोटं असतं, त्यामुळे परतीचा मेल भलत्याच बिचाऱ्याच्या डोक्यावर आदळतो.

तिसरं, ‘जरा वेळाने या’. याला ग्रेलिस्टिंग म्हणतात, २००३ मधली युक्ती. अनोळखी मेल आला की सर्व्हर म्हणतो, आत्ता गडबडीत आहे, थोड्या वेळाने या. खरा मेल सर्व्हर थांबून परत येतो, बरेच स्पॅमवाले परत येत नाहीत. विक्रेता आणि पाहुणा यांच्यात फरक तोच! पण ओटीपीचे मेल अशाने रखडतात, म्हणून बँका, सरकारी पोर्टलं आणि जुनी गिऱ्हाइकं यांना वेगळ्या यादीत टाकून थेट प्रवेश.

चौथं, परीक्षकाला आपला धंदा शिकवा. मर्यादा परत पाचावर नेली. पाचाच्या वर गेलेलं काहीही फेकायचं नाही, जंक फोल्डरमध्ये ठेवायचं. स्पॅमअसॅसिन तसंही फक्त गुण देतो, फेकायचा आगाऊपणा माझा होता. त्याच्यात शब्दांवरून शिकायची सोय आहे. पण ती जागी व्हायला किमान दोनशे चांगले आणि दोनशे वाईट मेल दाखवावे लागतात. वहिनीने बसून दाखवले. आता त्याला कळतं की ‘वायर’, ‘टेम्पर’, ‘कोटेशन’ ही भोसरीची भाषा आहे.

पाचवं, आपलं नाव आपण सांभाळा. दादाच्याच नावाने वहिनीला ‘तातडीने पैसे भर’ असे मेल यायचे. एसपीएफ म्हणजे आमच्या नावाने कुठले सर्व्हर मेल पाठवू शकतात त्याची यादी, डीकेआयएम म्हणजे सही-शिक्का आणि डीमार्क म्हणजे दोन्ही जुळलं नाही तर काय करायचं त्याची सूचना. डीमार्क आधी नुसतं ‘बघा’ या पायरीवर ठेवा, रिपोर्ट वाचा, मग कडक करा. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल आणि याहूने सगळ्याच पाठवणाऱ्यांना निदान एसपीएफ किंवा डीकेआयएम सक्तीचं केलंय आणि ढिगाने पाठवणाऱ्यांना तिन्ही. म्हणजे हे केलं नाही तर उद्या आपलीच कोटेशनं दुसऱ्याच्या जंकमध्ये!

आणि सहावं, सगळ्यात महत्त्वाचं. याला कुठलंही सॉफ्टवेअर लागत नाही. रोज चार वाजता चहाबरोबर वहिनी पाच मिनिटं जंक फोल्डर चाळते. ‘आमचं बँक खातं बदललंय’ असा मेल आला, तर मेलमधल्या नंबरवर नाही, आपल्या डायरीतल्या जुन्या नंबरवर फोन करते. असा मेल एखाद्या खऱ्या माणसाच्या हॅक झालेल्या खात्यावरून आला, तर वॉचमन काय करणार? ओळखीचा चेहरा म्हणून सलामच ठोकणार.

आता वहिनीच्या इनबॉक्समध्ये रोज दोन-चार फालतू मेल येतात. सुरुवातीला मला ते बघून कसंतरी व्हायचं. आता वाटतं, ठीक आहे. दार उघडं असल्याची ती खूण आहे.

कोल्हापूरला मात्र दादा स्वतः गेला. फोनवर सांगता आलं असतं, पण गेला. माझ्यावर ढकलता आलं असतं, तेही केलं नाही. “आमच्याकडून पत्र हरवलं,” एवढंच म्हणाला. ती ऑर्डर गेली ती गेलीच.

परवा चार वाजता वहिनीचा फोन आला. “भाऊजी, जंकमध्ये एक मेल आहे. सगळा कॅपिटलमध्ये, लाल रंगात ‘अर्जंट’, आत नुसतं ड्रॉइंग. गुण ५.४.”

“कुठून आलाय?” मी विचारलं.

“कोल्हापूर.”

मागून दादाचा आवाज आला, “त्याला सांग, रंग जरा कमी वापरा म्हणावं!” मग क्षणभर थांबून म्हणाला, “नको, राहू दे. काही सांगू नकोस. लावू दे त्यांना पाहिजे तो रंग.”

मी मुकाट्याने कोल्हापूरचा पत्ता थेट प्रवेशाच्या यादीत टाकला. हे काम खरं तर पहिल्या दिवशीच करायचं होतं.