डुकराचा राखणदार आणि उमरावाचा संताप

इंग्रज उमरावांच्या वाड्यांवरील विनोदी कादंबऱ्या समाजवादी वाचकाने वाचाव्यात काय, असा प्रश्न अधूनमधून विचारला जातो. अवश्य वाचाव्यात, मात्र त्यांतील मजुरीचा हिशेब मांडत वाचाव्यात. पी. जी. वुडहाऊस (१८८१-१९७५) यांची १९२९ सालची 'समर लाइटनिंग' ही कादंबरी या दृष्टीने मोठी उद्बोधक आहे.

ब्लँडिंग्ज येथील लॉर्ड एम्सवर्थ यांचे प्रेम जगात एकाच जिवावर आहे. तो जीव म्हणजे 'एम्प्रेस' नावाची धष्टपुष्ट डुकरीण. कृषिप्रदर्शनात तिने पदक मिळविले आहे व ते पुन्हा मिळावे, हाच त्यांचा ध्यास. आंबेगाव तालुक्यातील कळंबच्या वाचकाला हे वेड परके वाटणार नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली बैलगाडा शर्यती बंद केल्या. डिसेंबर २०२१ मध्ये परवानगी मिळेपर्यंत त्या भागातील गाडामालकांनी जे दुःख सोसले, ते एम्सवर्थ यांना तत्काळ उमगले असते. फरक एवढाच की, कळंबचा शेतकरी आपल्या बैलाला स्वतः वैरण घालतो. लॉर्डसाहेब कुंपणावर रेलून केवळ पाहतात.

कथेतील प्रेमप्रकरणांचा गुंता मालमत्तेतून निर्माण होतो. भाचा रॉनी याला नाटकात नाचणाऱ्या सू ब्राउनशी लग्न करावयाचे आहे. परंतु त्याचा पैसा विश्वस्त या नात्याने मामांच्या ताब्यात. म्हणून तो मामांची डुकरीणच चोरतो, ती आपणच शोधून दिली असे दाखवून मामांची मर्जी संपादन करण्यासाठी! हा सारा भाग वुडहाऊस यांनी इतक्या कौशल्याने रंगविला आहे की, कट्टर कार्यकर्त्यालाही हसू आवरू नये.

परंतु या कथेतील मूळ पातक कोणते? शेजारच्या सर ग्रेगरी पार्सलो यांनी एम्सवर्थ यांचा डुकरे राखणारा गडी, जॉर्ज सिरिल वेलबिलव्हड, जास्त पगार देऊन आपल्याकडे ओढला. एम्सवर्थ यांच्या लेखी याहून नीच कृत्य नाही. त्यांनी स्वतः पगार वाढविला असता तर गडी राहिला असता, हा विचार त्यांना शिवत नाही. महाराष्ट्राने १९७७ साली रोजगार हमीचा कायदा केला, तेव्हा 'आता शेतावर माणूस मिळणार नाही' अशी ओरड बागायतदारांनी केली, ती याच जातीची. मालकाने चढा भाव मिळेल त्या बाजारात माल न्यावा हा व्यवहार, आणि मजुराने चढी मजुरी मिळेल त्या बांधावर जावे ही कृतघ्नता!

वाड्याचा खर्च कोणाच्या खंडातून चालतो, हे वुडहाऊस क्वचितच सांगतात. पैशाची झळ त्यांना ठाऊक नव्हती असे मात्र नव्हे. त्यांचे वडील हाँगकाँगमध्ये न्यायाधिकारी होते व त्यांचे निवृत्तिवेतन रुपयांत मिळे. १८७० च्या सुमारास दोन शिलिंगांच्या आसपास असलेला रुपया चांदीच्या घसरणीमुळे १८९५ पर्यंत जेमतेम तेरा पेन्सांवर आला होता. पुढे तो काहीसा सावरला, तरी मुलाचे ऑक्सफर्ड हुकले आणि १९०० साली त्याला बँकेत कारकुनी पत्करावी लागली. त्याच घसरणीमुळे 'होम चार्जेस'चे पौंड भागविण्यासाठी हिंदुस्थानच्या तिजोरीतून अधिकाधिक रुपये बाहेर गेले, आणि ती तिजोरी मुख्यतः शेतसाऱ्यावर भरत असे. एका इंग्रज कुटुंबाची ओढाताण व दख्खनच्या कुणब्याची नागवणूक एकाच चलनाने बांधलेली होती. विनोदकाराने त्यातले काही वाड्यात शिरू दिले नाही.

वेलबिलव्हडची हकिकत १९५२ सालच्या 'पिग्ज हॅव विंग्ज'मध्ये पुढे येते. तेथे तो सर ग्रेगरींच्या पदरी आहे, आणि या गड्याला बिअर देऊ नये, अशी ताकीद त्याच्या नव्या धन्याने गावातील गुत्त्यांना देऊन ठेवली आहे.