अनुदान घ्या, जीभ गहाण टाकू नका

दोस्तांनो, कॅम्प दोनमधल्या वस्तीच्या सुरक्षिततेसाठी अनुदान मागायला मी एका कचेरीत गेलो. साहेब म्हणाले, "संस्था रजिस्टर करा, प्रस्ताव द्या, बघू." बघू! जणू स्वतःच्या खिशातून देणार.

हे उपकार नव्हेत. अत्याचार प्रतिबंधक कायदा 1989 चा, त्याचे नियम 1995 चे. नियम 3 उघडा. जिथं अत्याचाराची भीती आहे ती ठिकाणं सरकारनं हुडकायची, तिथं जागृती केंद्रं काढायची, त्यासाठी संस्थांना पैसा द्यायचा.

आपल्या वाट्याला काय येतं? दिव्याचा खांब, कॅमेरा, वर नगरसेवकाच्या नावाची पाटी. खांब हवाच. रात्री संडासला जाणाऱ्या आयाबहिणींना विचारा. पण खांब फिर्याद लिहून घेत नाही. "आपसात मिटवा" म्हणणाऱ्या हवालदाराला कॅमेरा जाब विचारत नाही.

आणि सुरक्षितता कुणापासून? 11 जुलै 1997 ला घाटकोपरच्या रमाबाई नगरात 10 माणसं मारली गेली, ती पोलिसांच्याच गोळ्यांनी.

म्हणून सांगतो, पैसा घ्या, तो हक्काचा आहे. पण अनुदानाच्या फायली वाहता वाहता आपली चांगली पोरं मोर्चाच्या दिवशी घरात बसायला लागली, तर तो पैसा नव्हे, तोंडाला लावलेलं कुलूप.

नियम 17 म्हणतो, कलेक्टरच्या अध्यक्षतेखालची दक्षता समिती तीन महिन्यांतून एकदा तरी बसलीच पाहिजे. चला ठाण्याच्या कलेक्टर कचेरीत. प्रस्ताव नंतर. आधी विचारू : समिती शेवटची कधी बसली? इतिवृत्त दाखवा!