एकाचा फॉर्म, दुसऱ्याचं नाव? वेबसाइट तुम्हाला कशी ओळखते, समजून घ्या

परभणी जिल्ह्यातल्या पोखर्णीसारख्या गावांत अनेक शेतकरी योजनेचा फॉर्म सेवा केंद्रातल्या कॉम्प्युटरवरच भरतात. १५ एप्रिल २०२५ पासून राज्यात कृषी योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक बंधनकारक आहे. पण एकदा लॉगिन केल्यावर पुढच्या प्रत्येक पानाला हा शेतकरी कोण, हे कसं कळतं?

सर्व्हरला आधीचं पान आपोआप आठवत नाही. लॉगिन होताच तो ब्राउझरला बँकेतल्यासारखं एक टोकन देतो, तीच कुकी. दर पानावर ते टोकन पाहून सर्व्हर तुमच्या कप्प्यातली माहिती काढतो. हे झालं सेशन. जिल्ह्यांची यादी, योजनांची नावं मात्र सगळ्यांसाठी एकाच सामायिक जागेत ठेवता येतात.

मग धोका कुठे आहे? एकाची खासगी माहिती सामायिक जागेत गेली, तर ती दुसऱ्याला दिसू शकते. २० मार्च २०२३ रोजी चॅटजीपीटीच्या काही युजर्सना दुसऱ्यांच्या चॅटची शीर्षकं दिसली होती. माहिती तात्पुरती साठवणाऱ्या यंत्रणेशी जोडणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये चूक होती.

अशी चूक टाळणं डेव्हलपरचं काम. तुमचं काम एवढंच: केंद्रातून उठण्याआधी लॉगआउट करा. नाहीतर तुमच्यानंतर खुर्चीत बसणारा सर्व्हरच्या लेखी तुम्हीच असता.