जांभळा उजेड आणि साडेतीनशे व्होल्ट

व्हॉल्व्हचे ॲम्प्लिफायर पुन्हा घराघरांत दिसू लागले आहेत. काही खरोखरच जुने, चोर बाजारातून आणलेले किंवा माळ्यावरून उतरवलेले. काही नवेच, पण जुन्या धाटणीचे. भांडुप, नाहूर, मुलुंडच्या पट्ट्यात या छंदाला जमीनही आहे. शेजारच्या ठाण्यात मर्फी रेडिओचा कारखाना होता आणि लालबहादूर शास्त्री मार्गालगतच्या कारखान्यांत उमेद घालवलेल्या अनेकांना सोल्डरिंगचे काम परके नाही. छंद चांगलाच आहे. काळजी वाटावी अशी एकच गोष्ट आहे: त्यातली एक दुरुस्ती दिसायला फार सोपी आहे.

अशा काही यंत्रांत व्होल्टेज स्थिर ठेवणारी एक काचेची नळी असते. साध्या घरगुती रेडिओत ती सहसा नसे. मापनयंत्रे, संदेशवहनाचे रिसीव्हर आणि काही मोठ्या ॲम्प्लिफायरमध्ये ती सापडते. ओए२ किंवा ओडी३ ही तिची नेहमीची नावे, दोन्ही १५० व्होल्टच्या. इतर व्हॉल्व्हसारखी तापणारी तार तिच्यात नसते. आत कमी दाबाचा वायू असतो. साधारण १८० व्होल्टच्या आसपास तो पेटतो आणि मग नळीतून जाणारा प्रवाह कमीजास्त झाला तरी तिच्या टोकांवरचे व्होल्टेज १५०च्या जवळपास टिकते. पेटलेल्या वायूचा तो जांभळट उजेड पाहण्यासाठीच काही जण हे यंत्र घेतात, हेही खरे.

उजेड गेला की नळी गेली, असा समज होतो आणि नवी नळी मागवली जाते. ताप आला की लगेच अँटिबायोटिक घेण्यासारखेच हे झाले. नळी पेटत नाही याचे कारण पुष्कळदा तिच्या आधी असते. पुरवठ्याचे व्होल्टेजच कमी पडत असेल, किंवा नळीच्या आधीच्या रेझिस्टरची किंमत वयोमानाने वाढली असेल, तर नळीला किमान ५ मिलीअँपिअर प्रवाह मिळत नाही आणि ती लुकलुकते. कुणी ‘आवाज स्वच्छ होईल’ म्हणून तिच्यावर मोठा कपॅसिटर जोडला असेल, तर चांगली नळीही पेट-विझ करत राहते. आणि ती खरोखर निकामी असेल, तर पुढच्या व्हॉल्व्हना वाजवीपेक्षा जास्त व्होल्टेज जाते. तेव्हा ‘चालतंय तोवर चालू दे’ हेही बरोबर नाही. आधी मोजावे, मग बदलावे.

पण मोजायचे म्हणजे खोके उघडायचे, आणि खरा धोका तिथे आहे. आतल्या फिल्टर कपॅसिटरवर ३००-३५० व्होल्ट डीसी साठलेले असतात आणि प्लग काढल्यावरही ते तिथेच राहू शकतात. ते उतरवण्यासाठी बसवलेला रेझिस्टर जुन्या यंत्रात तुटलेला असला, तर कितीतरी वेळ. कोरड्या त्वचेचा विरोध एक लाख ओहमपर्यंत असू शकतो. घामेजलेल्या हाताचा हजारावर येतो. जूनमधल्या मुंबईत कोरडा हात कुणाचा असतो? ३५० व्होल्टला हजार ओहमने भागले की ३५० मिलीअँपिअर होतात. यंत्र चालू असताना असा प्रवाह एका हातातून छातीमार्गे दुसऱ्या हातात गेला, तर हृदयाची लय बिघडू शकते. म्हणूनच जुने मेकॅनिक डावा हात खिशात ठेवून काम करत. ती ऐट नव्हती.

घरात आरसीसीबी बसवला आहे, असे समाधान अनेकांना असते. तो मुख्य वाहिनीतून जमिनीकडे होणारी गळती ओळखतो. ट्रान्सफॉर्मरच्या पलीकडचे उच्च व्होल्टेज आणि कपॅसिटरमधला साठा त्याच्या नजरेबाहेर असतो. स्क्रू ड्रायव्हरने टोके जोडून ठिणगी पाडणे ही दुसरी वाईट सवय. प्लग काढून, दहा किलो-ओहम, पाच वॉटचा रेझिस्टर इन्सुलेटेड तारांनी काही सेकंद लावावा, मग मल्टिमीटरने शून्य झाल्याची खात्री करावी आणि त्यानंतरच नळीला हात लावावा. चालू यंत्रातून ही नळी उपटू नये.

याउलट, ज्याची भीती घातली जाते ती गोष्ट किरकोळ आहे. अंधारातही वायू चटकन पेटावा म्हणून अशा काही नळ्यांत निकेल-६३ किंवा क्रिप्टॉन-८५सारखा किरणोत्सारी पदार्थ अत्यल्प प्रमाणात घालत. अमेरिकी नियमांत या मर्यादा मायक्युरींत आहेत. २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरीत विद्यापीठाचे जुने कोबाल्ट-६० यंत्र भंगारात फुटले आणि एक कामगार दगावला. तो स्रोत याहून लाखो पटींनी तीव्र होता. अखंड नळी कपाटात असण्याने काही होत नाही. फुटली तर खिडकी उघडावी, हातमोजे घालून तुकडे ओल्या कागदाने उचलावेत, झाडू मारू नये.

हे काम एकट्याने करू नये, ही अट मात्र सोडू नये. सोबतच्या माणसाला रेझिस्टर कळला नाही तरी चालेल. मुख्य स्विच कुठे आहे ते माहीत हवे. झटका बसलेल्याला ओढण्याआधी तो बंद करायचा. श्वास नसेल तर १०८ला फोन आणि छातीच्या मध्यभागी मिनिटाला १०० ते १२० दाब, रुग्णवाहिका येईपर्यंत. शुद्ध गेली असेल, छातीत धडधड किंवा दुखणे असेल, प्रवाह दोन्ही हातांतून गेला असेल, तर नंतर ‘आता बरं वाटतंय’ म्हटले तरी ईसीजी काढून घ्यावा. बोटावरचा डाग मोहरीएवढा दिसतो म्हणून घरीच मलम लावून बसणारे बरेच असतात.