अभ्यास दौरा करायचाच, तर या तीन गावांना जा



हंगाम आटोपला की तालुक्या-तालुक्यांत परदेश अभ्यास दौऱ्याची चर्चा सुरू होते. कुणी सरकारी अनुदानावर जातो, कुणी संस्थेच्या खर्चाने, कुणी पदरमोड करून. परत आल्यावर सत्कार होतो, फोटो दाखवले जातात. आयफेल टॉवर, स्वित्झर्लंडचा बर्फ, हॉलंडची काचघरातली फुले. कोरडवाहू कपाशी-ज्वारीवाल्याने त्यातून घ्यायचे काय, हे कुणी सांगत नाही. आम्हीही एकदा अशाच दौऱ्यात होतो. अर्धा दिवस घड्याळाच्या दुकानात गेला, आणि शेतकऱ्याशी बोलणे झाले ते बस थांबली तेवढा वेळ. त्याची लाज वाटली म्हणून पुढच्या खेपेला वाट वाकडी करून आम्ही काही लहान गावे पाहिली. आमच्या आवडीची तीन गावे इथे सांगतो. ती दिसायला सुंदर आहेत, पण आवडण्याचे कारण ते नव्हे.

पहिले गाव जर्मनीतले फ्लॅमर्सफेल्ड. वेस्टरवाल्ड हा हलक्या जमिनीचा डोंगराळ मुलूख. शेजारच्या वायरबुश गावात १८४५ साली फ्रीडरिश विल्हेल्म रायफायझेन हा तरुण कारभारी म्हणून आला. १८४६-४७ च्या हिवाळ्यात पीक बुडाले, उपासमार सुरू झाली. सरकारने धान्य पाठवले, पण रोख पैसे मोजतील त्यांनाच द्या, असा हुकूम सोबत होता. रोख होती कुणाजवळ? रायफायझेनने हुकूम बाजूला ठेवून धान्य उधार दिले, ऐपतदारांकडून वर्गणी काढली आणि गावाची भट्टी उभी करून स्वस्त पाव दिला.

१८४८ साली तो फ्लॅमर्सफेल्डला आला. तिथे शेतकऱ्याच्या गोठ्यातली गाय सावकाराच्या मालकीची असे. १८४९ साली त्याने साठ ऐपतदारांच्या हमीवर मदत मंडळ काढले आणि शेतकऱ्यांना हप्त्याने जनावरे मिळवून दिली. आज तिथे त्याचे घर संग्रहालय म्हणून राखले आहे. पण खरा धडा त्यापुढचा आहे. श्रीमंतांच्या दयेवर चाललेले मंडळ टिकत नाही, हे त्याच्या ध्यानात आले. म्हणून १८६४ साली हेडेसडॉर्फला त्याने जी पतपेढी काढली, तिच्यात कर्ज घेणाराच सभासद झाला आणि प्रत्येक सभासद सगळ्यांच्या कर्जाला जबाबदार राहिला. कुणाला किती द्यायचे हे त्याला ओळखणारे शेजारी ठरवीत. बुडाले तर आपलेच बुडेल, हे जाणून ठरवीत.

हे गाव आपल्याला परके नाही. मद्रास इलाख्यातले अधिकारी फ्रेडरिक निकल्सन यांनी १८९५ ते १८९७ या काळात शेतकी पतपुरवठ्यावर अहवाल दिला. त्याचे सार एवढेच होते की हिंदुस्थानने आपला रायफायझेन शोधावा. त्यानंतर १९०४ चा सहकारी पतसंस्थांचा कायदा आला. रायफायझेन काही सापडला नाही, रजिस्ट्रार मात्र मिळाला. सहकाराचा सांगाडा आपण आणला, शेजाऱ्याची जबाबदारी तिकडेच राहिली. गावच्या सोसायटीचे आज काय झाले आहे ते आम्ही सांगायला नको.

दुसरे गाव दक्षिण फ्रान्समधले रोकफोर. हजारभर वस्तीसुद्धा नाही. कोम्बालू नावाच्या कड्याखाली गुहा आहेत. खडकातल्या भेगांतून थंड, ओलसर वारा खेळतो आणि मेंढीच्या कच्च्या दुधाचे चीज तिथे निळी बुरशी धरून मुरते. १९२५ साली फ्रान्समध्ये कायदा झाला: या गावच्या गुहांत मुरले नसेल, तर त्याला रोकफोर म्हणता येणार नाही. १९३० साली मेंढपाळ आणि चीज करणारे कारखानदार यांची एकच संघटना झाली. दुधाच्या भावाची बोलणी तिथे समोरासमोर बसून होऊ लागली.

तिथे सगळे आलबेल आहे असे नाही. धंद्याचा मोठा वाटा बड्या दूध कंपनीच्या हाती गेला आहे. पण दूध घालणारा एकेकटा दारात उभा राहत नाही. आपल्या मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, याचा आनंद आहे. मात्र मानांकन म्हणजे नुसता कागद. त्या नावाने माल गोळा करणारी आणि भावाला बसणारी शेतकऱ्यांची संस्था नसेल, तर नाव गावाचे आणि नफा व्यापाऱ्याचा.

तिसरे ठिकाण रोकफोरच्या जवळच, लार्झाकचे पठार. चुनखडीचा खडक, पाणी मुरून जाते, वर खुरटे गवत. आपला कोरडवाहू माणूस तिथे उतरला तर त्याला घर आठवेल. १९७१ साली सरकारने तिथला लष्करी तळ तीन हजार हेक्टरांवरून सतरा हजारांवर नेण्याचे जाहीर केले. मार्च १९७२ मध्ये ला कावालरी गावात लांझा देल वास्तो या वयोवृद्ध माणसाने पंधरा दिवसांचे उपोषण केले. हा माणूस १९३७ साली आपल्या वर्ध्याला गांधीजींकडे येऊन राहिला होता आणि गांधीजींनी त्याला शांतिदास हे नाव दिले होते. उपोषण संपता संपता १०३ शेतकऱ्यांनी जमीन न विकण्याची शपथ घेतली.

त्यांनी पॅरिसला आयफेल टॉवरखाली मेंढ्या चारल्या. १९७३ पासून ला ब्लाकिएर वाडीवर विनापरवाना दगडी मेंढवाडा बांधला. देशभरच्या हजारो लोकांनी थोडी थोडी जमीन विकत घेऊन भूसंपादनात पाचर मारली. दहा वर्षे हातात शस्त्र धरले नाही. १९८१ साली नवे अध्यक्ष मित्तराँ यांनी ती योजना रद्द केली. पुढे सरकारकडे गेलेली सुमारे ६,३०० हेक्टर जमीन शेतकऱ्यांच्याच संस्थेला दीर्घ मुदतीने मिळाली. कसणाऱ्याला ती निवृत्तीपर्यंत मिळते, विकता येत नाही. मग ती पुढच्या तरुण शेतकऱ्याकडे जाते.

कुणी म्हणेल, युरोपच्या शेतकऱ्याला सरकार भरघोस अनुदान देते, त्याचे आपल्याला काय? आक्षेप खरा आहे. त्यांचे अनुदान आपल्याला आणता येणार नाही, आणि मेंढीचे चीजही. पण वरच्या तिन्ही गोष्टी घडल्या तेव्हा सरकार शेतकऱ्याच्या मदतीला धावले नव्हते. पहिल्या गावात त्याचा हुकूम आड आला, तिसऱ्या ठिकाणी तर ते समोर उभे ठाकले होते.

म्हणून आमचे म्हणणे असे. यापुढे जो कुणी दौऱ्यावर जाईल, त्याने तीन प्रश्नांची उत्तरे घेऊन यावे आणि जिल्हा बैठकीत मांडावी. कर्ज बुडाले तर कुणाचे बुडते? भाव ठरतो तेव्हा शेतकऱ्याच्या बाजूने कोण बसतो? जमीन जायची वेळ आली तर सोबत कोण उभे राहते? ज्यांना जाता येणार नाही, त्यांनी हेच प्रश्न आपल्या गावात विचारावेत. त्याला पासपोर्ट लागत नाही. पुढच्या बैठकीला प्रत्येक गावाने निदान पहिल्या प्रश्नाचे उत्तर लिहून आणावे, ही विनंती.